बेटावर राहिलेले वरिष्ठ सभागृह

महाराष्ट्र विधान परिषदेचा जन्म कधीचा, असे विचारले तर तीन उत्तरे मिळतात आणि तिन्हींना आधार आहे. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचे कायदे करणारे कौन्सिल प्रथम बसले ते २२ जानेवारी १८६२ रोजी. निवडून आलेल्या सदस्यांचे बहुमत असलेले कौन्सिल आले १९२१ मध्ये. विधानसभेच्या जोडीला बसणारे दुसरे, म्हणजे वरिष्ठ सभागृह म्हणून परिषदेची पहिली बैठक भरली २० जुलै १९३७ रोजी. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या उपस्थितीत ३ सप्टेंबर २०२४ रोजी विधान भवनात परिषदेचा शतकमहोत्सव झाला, तो मधला हिशेब धरून. नवी मुंबईकरांसाठी हा इतिहास लिहिताना आणखी एक तारीख ध्यानात ठेवावी लागते. ती सभागृहाच्या जन्माची नाही, पत्त्याची आहे. तिच्याकडे यथावकाश येऊ.

१८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने मुंबईला कायदे करण्याचा अधिकार परत मिळाला. बेटावरच्या टाऊन हॉलच्या दरबार हॉलमध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली पहिली बैठक झाली. आज जिथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, तीच ही पायऱ्यांची इमारत. नेमलेल्या भारतीय सदस्यांत जगन्नाथ शंकरशेट, रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई, माधवराव विंचूरकर आणि सावनूरचे नबाब होते. एक शेटजी, एक पारशी व्यापारी घराणे, एक सरदार आणि एक संस्थानिक. सामान्य रयत या यादीत कुठे नव्हती, आणि ती असावी असे कुणाला वाटलेही नव्हते. सदस्यांनी समोर ठेवलेल्या विधेयकावर बोलायचे, एवढेच काम. सरकारला प्रश्न विचारता येत नव्हता, जमाखर्चावर बोट ठेवता येत नव्हते.

पुढच्या तीस वर्षांत नेमणुकीच्या वाटेनेच तेलंग, बद्रुद्दीन तय्यबजी, दादाभाई, रानडे अशी माणसे आत आली आणि कौन्सिलात हळूहळू बोलणारे वाढले. १८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारण्याचा आणि अंदाजपत्रकावर चर्चेचा हक्क दिला, आणि आडवळणाने का होईना, निवडणूकही आली. १८९५ मध्ये लोकमान्य टिळक या कौन्सिलात निवडून आले. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना अटक झाली आणि कौन्सिलचा संबंध संपला. १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीवर फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांचे काही सहकारी मतदानाआधी उठून निघून गेले. शेतकऱ्याच्या जमिनीवरचा हक्क आवळणारे ते विधेयक सरकारी मतांच्या जोरावर मंजूर झालेच. सभात्याग हे आज रोजचे हत्यार झाले आहे. आपल्याकडे त्याचा पहिला ठळक वापर झाला तो या सभागृहात, आणि झाला तो शेतजमिनीच्या प्रश्नावर.

१९२१ नंतरचे कौन्सिल वेगळे होते. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष, सदस्य शंभराहून अधिक आणि त्यांत निवडून आलेल्यांचे बहुमत. मतदानाचा हक्क अजून मूठभरांनाच होता, तरी या सभागृहाने जे एक काम केले त्याचा पडसाद थेट आपल्या रायगडात उमटला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुली करावीत, असा तो ठराव. सरकारने त्याप्रमाणे हुकूम काढले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळ्यावर मात्र कुणी जाऊ शकले नाही. १९२६ मध्ये बोल्यांनी पुन्हा ठराव आणला, की ज्या स्थानिक संस्था हे मानणार नाहीत त्यांचे अनुदान थांबवा. मग २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसे घेऊन चवदार तळ्यावर गेले. सत्याग्रहाला कायद्याचा आधार होता तो बेटावरच्या या सभागृहातला. सत्याग्रहाची आठवण आपण दरवर्षी काढतो. बोल्यांची मात्र फारशी कुणी काढत नाही.

त्याच वर्षी बाबासाहेब स्वतः नियुक्त सदस्य म्हणून कौन्सिलात बसू लागले. मार्च १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाच्या जुलमी अटी बदलणारे विधेयक मांडले. पुढे ते मागे घ्यावे लागले. कारखान्यांतल्या बाळंतिणींना पगारी रजा देणाऱ्या विधेयकाला त्यांनी जोरदार पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. वतनाच्या पराभवाची आणि प्रसूती रजेच्या यशाची एकत्र नोंद करावी लागते, कारण नियुक्त सदस्य काय करू शकतो आणि कुठे अडतो हे दोन्ही त्यातून दिसते.

१९३५ च्या कायद्याने सहा प्रांतांत दोन सभागृहे आली. मद्रास, बंगाल, संयुक्त प्रांत, बिहार, आसाम आणि मुंबई. मुंबईच्या विधानसभेत १७५ जागा, तर परिषदेत जेमतेम तीस. परिषद कायम राहायची, दर तीन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त व्हायचे, आणि मतदार कोण, तर पैसाअडका आणि पदव्या असलेली मंडळी. गरिबांची सभा खाली आणि श्रीमंतांचा लगाम वर, असा हा सरळ हिशेब होता. मुंबईच्या या वरिष्ठ सभागृहाची पहिली बैठक मात्र मुंबईत भरलीच नाही. पावसाळ्यात सरकार पुण्याला जात असे, म्हणून पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये १९ जुलै १९३७ रोजी विधानसभा बसली आणि दुसऱ्या दिवशी परिषद. पहिले सभापती मंगलदास पक्वासा. बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ नुकतेच आले होते आणि १९३९ च्या नोव्हेंबरात गेलेही. परिषदेला आपले दात दाखवायला पुरेसा वेळ मिळाला नाही.

स्वातंत्र्यानंतर दुसरे सभागृह हवे की नको, हा प्रश्न घटना समितीने प्रांतांवर सोपवला. मुंबईने हवे म्हटले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडने नको म्हटले. निजामाच्या हैदराबाद राज्यातही पुढे एकच सभागृह होते. म्हणजे १९५६ मध्ये विदर्भ आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आले, तेव्हाच त्यांना वरिष्ठ सभागृह पहिल्यांदा मिळाले. १ मे १९६० रोजी राज्य पुन्हा विभागले. गुजरातने एकाच सभागृहावर कारभार सुरू केला आणि तो आजही तसाच चालू आहे. महाराष्ट्राने परिषद ठेवली. सदस्य ७८. आमदारांनी निवडलेले ३०, स्थानिक स्वराज्य संस्थांचे २२, पदवीधरांचे ७, शिक्षकांचे ७ आणि राज्यपालांनी नेमलेले १२. प्रत्येकाची मुदत सहा वर्षे. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागा रिकाम्या होतात, सभागृह बरखास्त कधीच होत नाही.

अधिकार मात्र बेताचे. अर्थविषयक विधेयक परिषद फार तर चौदा दिवस ठेवू शकते. इतर विधेयक पहिल्या खेपेला तीन महिने, विधानसभेने पुन्हा मंजूर करून पाठवले तर आणखी एक महिना. त्यानंतर परिषदेला न विचारता कायदा होतो. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत परिषदेच्या सदस्याला मत नाही, राज्यसभेच्या निवडणुकीतही नाही. एवढे कमी अधिकार असलेल्या सभागृहाचे काय अडते, असे विचारणारे लोक पहिल्या दिवसापासून आहेत. त्यांना उत्तर द्यायचे तर वि. स. पागे यांच्यापासून सुरुवात करावी.

विठ्ठल सखाराम पागे १९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षे सभापती होते. सभापतीने तटस्थ राहावे, सभागृह चालवावे आणि उरलेल्या वेळात सत्कार स्वीकारावेत, अशी समजूत असते. पाग्यांनी उरलेल्या वेळात रोजगार हमी योजना घडवली. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात त्यांनी ती आधी छोट्या प्रमाणावर करून पाहिली. विचार साधा होता. काम मागायला येणाऱ्याला सरकारने काम द्यायचे, आणि ते काम गावाच्या उपयोगाचे असायचे. बांध, तलाव, रस्ता. १९७२ च्या दुष्काळाने तिची निकड सगळ्या राज्याला पटवली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. योजनेला पैसा कुठून, तर १९७५ च्या व्यवसाय कराच्या कायद्यातून. वाशी-बेलापूरच्या कार्यालयांत काम करणाऱ्याच्या पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, त्या कपातीचे मूळ दुष्काळी भागातल्या खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीत आहे. शहराने गावाचा रोजगार उचलायचा, ही कल्पना एका सभापतीने राबवून घेतली, आणि मंत्री नसताना राबवून घेतली, हे विशेष.

पाग्यांनंतर रा. सू. गवई आले. त्याआधी दहा वर्षे ते उपसभापती होते. रिपब्लिकन चळवळीतला हा नेता पुढे बिहार आणि केरळचा राज्यपाल झाला. त्यांच्यानंतर १९८२ पासून सोळा वर्षे जयंतराव टिळक. लोकमान्य ज्या कौन्सिलात दोन वर्षे जेमतेम बसले, त्याच्या वारसदार सभागृहात त्यांचे नातू सोळा वर्षे सभापती, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. मग ना. स. फरांदे, शिवाजीराव देशमुख, रामराजे नाईक-निंबाळकर. देशमुखांना २०१५ मध्ये अविश्वास ठरावाने पायउतार व्हावे लागले. रामराजेंची मुदत २०२२ च्या जुलैत संपली आणि पुढची जवळजवळ अडीच वर्षे सभापतिपद रिकामे होते. उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी काम चालवले. १९ डिसेंबर २०२४ रोजी राम शिंदे बिनविरोध सभापती झाले. गोऱ्हे यांच्या आधी उपसभापतिपदावर बसलेल्या बाई होत्या जेठी सिपाहीमलानी, फाळणीनंतर सिंधमधून मुंबईत आलेल्या कार्यकर्त्या. त्यांचा काळ १९५५ ते १९६२.

राज्यपालांच्या बारा जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवेसाठी आहेत. ग. दि. माडगूळकर या वाटेने आले, ना. धों. महानोर आले, रामदास फुटाणे आले. महानोरांनी सभागृहात कविता कमी आणि शेती, पाणी, फळबागा जास्त मांडल्या, कारण पळसखेडच्या कोरडवाहू रानातून ते आले होते. पदवीधरांनीही चांगली माणसे दिली. पुण्याचे प्रा. ग. प्र. प्रधान अठरा वर्षे सदस्य होते, विरोधी पक्षनेतेही झाले. अमरावतीचे बी. टी. देशमुख तीस वर्षे विदर्भाच्या अनुशेषाचे आकडे घेऊन उभे राहिले. नागपूर पदवीधर मतदारसंघाचे नितीन गडकरी विधानसभेत कधी बसलेच नाहीत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ते बांधकाम मंत्री असताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे काम सुरू झाले, आणि त्या मार्गाचे मुंबईकडचे टोक कळंबोलीला आहे.

आता पत्त्याकडे. टाऊन हॉलनंतर कौन्सिल अपोलो बंदरजवळच्या जुन्या रॉयल आल्फ्रेड सेलर्स होममध्ये गेले. खलाशांसाठी बांधलेली ती इमारत सरकारने १९२८ मध्ये घेतली. आज तिथे पोलीस महासंचालकांचे कार्यालय आहे. १९६० नंतर कारभार वाढला, जागा अपुरी पडू लागली. याच काळात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. बेटाच्या दक्षिण टोकाला समुद्रात भराव टाकून कचेऱ्या वाढवत राहिलो तर सगळे शहर रोज एकाच दिशेने धावेल, हे त्यांनी नकाशा काढून दाखवले. त्यांचा उपाय असा की राज्य सरकारने स्वतः खाडी ओलांडावी. मंत्रालय आणि विधिमंडळ पलीकडे गेले तर बाकीचे आपोआप मागे येतील. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, ठाणे आणि रायगडमधल्या पंचाण्णव गावांची जमीन अधिसूचित झाली, १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला. घाऊक बाजार आला, कारखान्यांच्या कचेऱ्या आल्या, हार्बर रेल्वे आली. सरकार आले नाही.

१९ एप्रिल १९८१ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते नव्या विधान भवनाचे उद्घाटन झाले, आणि ते नरिमन पॉइंटला, भरावाच्या जमिनीवर. सुरुवातीला सांगितलेली तारीख ती हीच. ज्या टोकापासून कारभार दूर न्यावा म्हणून नवे शहर आखले गेले, त्याच टोकाला विधानसभा आणि परिषद कायमची बसली. नवी मुंबई निवासी शहर म्हणून भरभराटीला आली यात शंका नाही. पण या शहराला राजधानीचा अर्धा वाटा मिळायचा होता, तो या एका उद्घाटनाने हातचा गेला, असे आमचे मत आहे. जमिनी देणाऱ्या गावकऱ्यांच्या नजरेतून तर हे अधिकच खटकते. सरकारी कामासाठी म्हणून जमीन गेली, आणि सरकार पलीकडच्या किनाऱ्यावरच राहिले.

तरी परिषद खाडी ओलांडून येते. येते ती सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात. तिथे बसणारे विभागीय आयुक्त हे कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक मतदारसंघाचे निवडणूक निर्णय अधिकारी असतात. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे पाच जिल्हे. झाईपासून दोडामार्गपर्यंतच्या मतपेट्या नेरूळच्या आगरी कोळी संस्कृती भवनात येतात. २ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथे शिक्षकांची मतमोजणी झाली आणि ज्ञानेश्वर म्हात्रे यांनी शेकापचे विद्यमान सदस्य बाळाराम पाटील यांचा पराभव केला. १ जुलै २०२४ रोजी पदवीधरांची झाली. निरंजन डावखरे एक लाखाहून अधिक मते घेऊन तिसऱ्यांदा निवडून आले. या मतदारसंघाचे त्यांच्याआधीचे प्रतिनिधी होते अशोक मोडक आणि संजय केळकर.

ही मतमोजणी पाहण्यासारखी असते. यंत्र नाही, बटण नाही. कागदी मतपत्रिका, आणि मतदाराने निवडणूक अधिकाऱ्याने दिलेल्या जांभळ्या स्केच पेनानेच पसंतीक्रम आकड्यात लिहायचा. स्वतःचे पेन वापरले, सही केली, ‘१’ ऐवजी बरोबरची खूण केली की मत बाद. सगळ्या मतपत्रिका एकत्र मिसळतात, पन्नास-पन्नासचे गठ्ठे होतात, वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक असा कोटा ठरतो, आणि तो कुणी गाठला नाही तर शेवटच्या उमेदवाराला बाद करून त्याची दुसरी पसंती वाटली जाते. रात्र उलटून जाते. २०२४ ला पदवीधरांची अकरा हजारांहून अधिक मते बाद ठरली. पदवी असलेल्या माणसाला एक आकडा नीट लिहिता येऊ नये, याचा राग यायला हवा. आपल्याकडे त्याचा विनोद होतो.

छोट्या बेटांवरही वरिष्ठ सभागृहे असतात, आणि त्यांच्याकडे पाहिले की आपल्या परिषदेचा चेहरा अधिक स्पष्ट होतो. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन या बेटाच्या विधिमंडळात खालचे सभागृह चोवीस जणांचे आणि वरचे अकरा जणांचे. त्यातले आठ खालच्या सभागृहाने निवडलेले, बाकीचे पदसिद्ध, ज्यात एक बिशपही असतो. बर्म्युडाच्या सिनेटमध्येही अकराच सदस्य, सगळे नेमलेले. न्यूझीलंडने १९५० मध्ये वेगळाच मार्ग काढला. वरिष्ठ सभागृह बंद करण्यासाठी सरकारने त्याच्यात असे सदस्य नेमले, जे आपलेच सभागृह बरखास्त करण्याच्या बाजूने मत देतील. तसेच झाले. कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज ज्या मॉरिशसमध्ये राहतात, तिथे दुसरे सभागृह नाही. आपल्याकडे पश्चिम बंगालने १९६९ मध्ये, पंजाबने त्यानंतर लगेच आणि तमिळनाडूने १९८६ मध्ये परिषदा बंद केल्या. आंध्र प्रदेशाने बंद करून २००७ मध्ये पुन्हा सुरू केली. आज देशात सहाच राज्यांत परिषद आहे.

महाराष्ट्रात ती बंद होण्याची शक्यता नाही, कारण ती राजकारण्यांच्या फार उपयोगाची आहे. हे कौतुक नव्हे. विधानसभेत हरलेल्यांना, तिकीट नाकारलेल्यांना आणि पक्ष बदललेल्यांना सामावून घेण्याची जागा म्हणून तिचा वापर सगळ्याच पक्षांनी केला. मुख्यमंत्र्यांनाही ती सोयीची. पृथ्वीराज चव्हाण तिच्या वाटेने आले. उद्धव ठाकरे करोनाच्या टाळेबंदीत १४ मे २०२० रोजी बिनविरोध सदस्य झाले, तेव्हा शपथेनंतरची सहा महिन्यांची मुदत संपायला दोन आठवडे उरले होते. त्यांच्या सरकारचा शेवटही परिषदेच्या निवडणुकीपासून सुरू झाला. २० जून २०२२ रोजी दहा जागांसाठी मतदान झाले, आमदारांची मते फुटली, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला गेले. २९ जूनला ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाबरोबरच परिषदेचे सदस्यत्वही सोडत असल्याचे जाहीर केले.

राज्यपालांच्या बारा जागांची कथा अधिकच वाईट आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने पाठवलेली यादी राजभवनात पडून राहिली. उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये रास्त मुदतीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य असल्याचे सांगितले, तरी निर्णय झाला नाही. सरकार बदलले आणि यादी मागे घेतली गेली. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभेची आचारसंहिता लागण्याआधी काही तास, सात जणांची नेमणूक होऊन शपथविधी उरकला. त्यात पनवेलचे विक्रांत पाटील होते. सातपैकी बहुतेक जण राजकीय कार्यकर्ते. कवी, शास्त्रज्ञ, चित्रकार एकही नाही. गदिमा आणि महानोर ज्या दाराने आले, तेच हे दार.

नवी मुंबईला या सगळ्यात सर्वाधिक लागलेला फटका मात्र वेगळाच, आणि त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. ठाणे स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून वसंत डावखरे वर्षानुवर्षे निवडून येत आणि दीर्घकाळ उपसभापती होते. २०१६ मध्ये रवींद्र फाटक यांनी त्यांना हरवले. फाटकांची मुदत जून २०२२ मध्ये संपली आणि जागा रिकामी राहिली. कारण या मतदारसंघाचे मतदार म्हणजे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य, आणि ते अस्तित्वातच नव्हते. पंचाहत्तर टक्के संस्था आणि तितकेच मतदार असल्याशिवाय आयोग ही निवडणूक घेत नाही. नवी मुंबई महापालिकेच्या १११ नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली होती. आधी करोना, मग आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले, आणि पालिका प्रशासकाच्या हाती. पनवेलचीही गत तीच झाली. जानेवारी २०२६ मध्ये अखेर मतदान झाले. साडेपाच वर्षे शहराला नगरसेवक नव्हते, आणि त्यामुळे जून २०२२ नंतर वरिष्ठ सभागृहात शहराच्या पालिकेच्या वतीने बोलणारा माणूसही नव्हता. पालिका निवडणूक लांबली तर परिषदेतला आवाजही बंद होतो, हे नागरिकांच्या मंचांनी, मालमत्ता करापासून मोरबे धरणाच्या पाण्यापर्यंतचे प्रश्न मांडणाऱ्यांनी, मोठ्याने सांगायला हवे होते. कुणी सांगितले नाही.

परिषद हवी की नको हा वाद चालू राहील. आमच्या मते जोवर पदवीधर, शिक्षक आणि स्थानिक संस्था हे तीन दरवाजे उघडे आहेत, तोवर ती ठेवण्यात शहाणपण आहे; फक्त आमदारांच्या मतांवर आणि नेमणुकांवर ती चालली असती तर ती बंद करावी असेच आम्ही लिहिले असते. आता वाचकांसाठी व्यवहाराची गोष्ट. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाची यादी विधानसभेसारखी पुढे चालत नाही, ती दर निवडणुकीला नव्याने तयार होते. २०२४ मध्ये नाव होते म्हणून २०३० मध्ये असेलच असे नाही. पदवीधरांसाठी नमुना १८, माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांसाठी नमुना १९. पदवी मिळून तीन वर्षे झालेली हवीत, आणि ती मोजली जातात निवडणुकीआधीच्या १ नोव्हेंबरला. कोकण शिक्षक मतदारसंघाची मुदत २०२९ च्या सुरुवातीला संपते, म्हणजे त्याची नोंदणी २०२८ च्या शरद ऋतूतच सुरू होईल. वाशी, नेरूळ, खारघर आणि पनवेलच्या शाळा-महाविद्यालयांनी तेव्हा शिक्षकांच्या सेवेची प्रमाणपत्रे, आणि गृहनिर्माण सोसायट्यांनी पदवीधरांच्या नोंदणीवेळी पदवीच्या प्रमाणपत्रांच्या प्रती तयार ठेवाव्यात.